रेडकाला कोण शिकवतं?

पत्र : आम्ही तासगाव तालुक्यात, शेतातच घर करून राहतो. घरापासून साठ-सत्तर पावलांवर विहीर आहे, आणि द्राक्षबागेसाठी गेल्या वर्षी प्लास्टिक अंथरून शेततळं केलंय. मुलगी सात वर्षांची, मुलगा नुकताच तीनचा झाला. माझे सासरे, अण्णा, म्हणतात की पोहणं अंगातच असतं. रेडकाला कोण शिकवतं? या उन्हाळ्यात दोघांना विहिरीत सोडू, आपोआप हातपाय मारतील. त्यात नणंदेनं मोबाइलवर पाच महिन्यांचं बाळ पाण्याखाली डोळे उघडे ठेवून पोहताना दाखवलं, तेव्हापासून अण्णांना आणखीच जोर आलाय. आमच्या यांचं म्हणणं बरोबर उलटं, की धाकट्याला सहा वर्षांचा होईपर्यंत पाण्याकडे फिरकूच द्यायचं नाही. दोघांतलं कोण बरोबर? आणि शिकवायचं ठरवलं तर सुरुवात कुठून करू? मला स्वतःला पोहता येत नाही.

उत्तर : ताई, दोघंही पूर्ण बरोबर नाहीत. पोहणं माणसाच्या पोराला उपजत येत नाही, ते शिकवावंच लागतं. आणि घराजवळ पाणी असताना सहा वर्षं थांबून राहणंही धोक्याचं आहे.

आधी त्या व्हिडिओबद्दल. तो बहुधा खराच असेल. तान्ह्या बाळाच्या तोंडावर पाणी आलं की ते श्वास रोखतं, घशातलं स्वरयंत्राचं दार मिटतं, हृदयाचे ठोके मंदावतात. पालथं धरलं तर हातपायही लयीत हलवतं. हे सगळं उपजत आहे. मर्टल मॅकग्रॉ या अमेरिकी संशोधिकेनं अकरा दिवसांपासून अडीच वर्षांपर्यंतच्या ४२ मुलांचं पाण्यातलं वागणं टिपून ठेवलं आणि १९३९ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात तीन टप्पे दिसतात. पहिल्या चारेक महिन्यांत ही लयीतली हालचाल असते. मग ती विस्कटते, बाळ उताणं होऊ बघतं, धडपडतं, जवळच्या माणसाला घट्ट धरतं, त्याच्या नाकातोंडात पाणी जाऊ लागतं. वर्षाच्या पुढे हळूहळू हेतुपूर्वक हालचाल सुरू होते, पण ती शिकून पक्की व्हावी लागते. यातली कळीची गोष्ट अशी की, पहिल्या टप्प्यातलं बाळसुद्धा श्वास घ्यायला डोकं पाण्यावर काढू शकत नव्हतं. हातपाय हलत होते, श्वास मिळत नव्हता. व्हिडिओ काही सेकंदांचाच असतो आणि चौकटीबाहेर कुणीतरी बाळाला उचलायला टपलेलं असतं, ते याचमुळे.

शिवाय तान्ही बाळं बुडवली की पाणी गिळतात. अंगाच्या मानानं पाणी जास्त पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि झटके येऊ शकतात. बाळांच्या पोहण्याच्या वर्गांतून असे रुग्ण आल्याची नोंद डॉक्टरांनी केलेली आहे. म्हणून नणंदेच्या व्हिडिओची नक्कल कुठल्याही बाळावर करू नका. तुमचा मुलगा तर त्या वयाच्या कधीच पुढे गेलाय. सहा महिन्यांच्या आसपास हे प्रतिसाद ओसरू लागतात, आणि तीन वर्षांच्या मुलात विसंबावं असं काही शिल्लक नसतं.

आता अण्णांच्या रेडकाचं. रेडकू, कुत्रा, वासरू पाण्यात पडलं की जमिनीवर चालतं तीच चाल चालवतं आणि ती पाण्यातही चालते. अंग आडवं, मान पुढे, नाकपुड्या सगळ्यांत वर. माणसाचा सांगाडा उभा आहे. चेहरा पुढे, आणि लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं फार मोठं. जन्मतः डोकं उंचीच्या चौथा हिस्सा असतं, मोठ्या माणसात साधारण आठवा. आपले जवळचे नातलग चिंपांझी आणि ओरांगउटानही उपजत पोहत नाहीत. प्राणिसंग्रहालयात त्यांच्याभोवती पाण्याचे खंदक ठेवत आले आहेत ते त्यासाठीच.

माणसाच्या अंगात पाण्यासाठी जे उपजत आहे ते त्याला बुडवायलाच मदत करतं. पाय टेकेनासे झाले की न शिकलेलं मूल डोकं जमेल तितकं वर काढतं, आणि डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात. ते हात वर करतं. हाताचं वजन पाण्याबाहेर आलं की तेवढ्यानं अंग आणखी खाली बसतं. ते श्वास कोंडून धरतं. आतली हवा बाहेर गेलीच नाही तर तोंड क्षणभर वर आलं तरी नवी हवा आत जायला जागा नसते. पोहायला शिकवणं म्हणजे या तिन्ही सवयी मोडणं: मान सैल सोडून आडवं व्हायचं, हात पाण्यातच ठेवायचे, तोंड पाण्यात असताना श्वास सोडायचा. विहिरीत ढकलून यातलं एकही शिकवता येत नाही. भीतीत मूल आधी श्वास कोंडतं, मग खोकतं, पाणी गिळतं, आणि पुढे वर्षानुवर्षं चेहऱ्यावर पाणी घ्यायला तयार होत नाही.

अण्णांना एक विचारून बघा. त्यांच्या लहानपणी खरंच कुणाला थेट ढकलायचे का? बहुतेक गावांत पोरं आधी एक-दोन उन्हाळे काठावर बसून बघायची. मग पाठीला वाळलेले भोपळे नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधायचे, दोरीचं टोक काठावरच्या थोराच्या हातात असायचं, आणि भोपळा लहान करत करत सोडवायचे. हे शिकवणंच होतं, फक्त त्याला कुणी वर्ग म्हणत नव्हतं. ज्यांना खरंच ढकललं आणि जे तरले ते कौतुकानं सांगतात. जे तरले नाहीत त्यांची गोष्ट सांगायला कुणी उरलेलं नाही. अण्णांच्या अनुभवाचा उपयोग आहे, आणि तो दोरी धरण्यात आहे.

तुमच्या यजमानांची काळजीही समजते. पण जगभर पाण्यात बुडून मरणाऱ्यांत एक ते चार वर्षांच्या मुलांचं प्रमाण सगळ्या वयोगटांत सर्वाधिक आहे. ही मुलं पोहायला गेलेली नसतात, खेळता खेळता पडलेली असतात. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं मत २००० मध्ये तुमच्या यजमानांसारखंच होतं, चार वर्षांआधी वर्ग नको. २०१० मध्ये त्यांनी ते सैल केलं आणि २०१९ मध्ये सांगितलं की अनेक मुलांना वर्षानंतर शिकवल्यास फायदा होतो. वर्षाखालच्या बाळांना शिकवून बुडणं टळतं याला मात्र पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटना शाळकरी वयात, सहाच्या पुढे, प्रत्येक मुलाला पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवा म्हणते. म्हणून तुमच्या दोन मुलांसाठी दोन वेगळे बेत.

धाकट्याची सुरुवात तुम्हीच करा, पोहता येत नसलं तरी. ती न्हाणीघरात होते. रोजच्या आंघोळीला तांब्याभर कोमट पाणी डोक्यावरून, चेहऱ्यावरून ओता. आधी “एक, दोन, तीन” म्हणा, आणि दर वेळी त्याच लयीत म्हणा, म्हणजे तिनाला तो आपण होऊन तोंड मिटेल. लगेच तोंड पुसू नका. पुसलं की चेहऱ्यावर पाणी असणं ही काहीतरी चूक आहे असं त्याला वाटतं. हे सरावलं की घमेल्यात चार बोटं पाणी घेऊन त्यात फुंकर मारायला लावा, आधी तोंडानं, मग ओठ मिटून “हूंऽऽ” असं गुणगुणत. गुणगुणताना हवा नाकावाटे बाहेर येते, त्यामुळे नाकात पाणी शिरत नाही आणि श्वास कोंडायची सवय सुटते. सगळ्या शिकवण्यात हा “हूं” सर्वांत मोलाचा आहे. घाई करू नका, याला तीन आठवडे लागले तरी चालतील. मग आंघोळीत मांडीवर उताणं आडवं धरून कान भिजतील असं पाणी सोडा. पुष्कळ मुलं उताणी तरंगायला नकार देतात ती कानात पाणी गेल्याच्या विचित्र आवाजानं घाबरून. ही ओळख घरीच झाली तर पुढचं निम्मं काम सोपं. आणि घमेलं, बादली काम झाल्याबरोबर पालथी घाला. या वयाचं मूल बादलीत डोक्यावर पडलं तर त्याला उलटं बाहेर येता येत नाही, आणि वीतभर पाणीही जास्तच होतं.

पुढचं शिकवणं उथळ तलावात, तालुक्याच्या गावी असेल तर तिथे, पण गटात नको. उन्हाळी शिबिरात एका शिक्षकापाठी वीस-पंचवीस मुलं असतात. तीन वर्षांच्या मुलामागे पाण्यात एक माणूस लागतो आणि तो हाताच्या अंतरावर लागतो. पोहणारा मामा, आत्या कुणीही चालेल. पाणी मोठ्या माणसाच्या कमरेइतकं. एका वेळी पंधरा ते वीस मिनिटं पुरेत, कारण लहान अंग लवकर गार पडतं. ओठ निळसर दिसले किंवा हनुवटी थरथरली की बाहेर, “अजून पाच मिनिटं” नाही.

पहिलं शिकवायचं ते उताणं तरंगणं. मोठ्यानं खांद्यापर्यंत पाण्यात बसावं, मुलाचं डोकं आपल्या खांद्यावर, गालाला गाल. कान पाण्यात, नजर आभाळाकडे, पोट वर. मग खांदा काढून डोक्यामागे तळवा, दुसरा पाठीखाली. आधी पाठीचा हात काढायचा, मग डोक्याखालची बोटं क्षणभर. तीन मोजेपर्यंत, मग पाच, मग दहा. छातीत हवा भरलेली असताना माणूस पाण्याहून किंचित हलका असतो, त्यामुळे तो तरंगतो, पण अगदी थोडक्यात. मुलानं “आई बघ” म्हणत मान उचलली की त्याच क्षणी पाय बुडतात. नेमकं इथंच सगळ्यांचं चुकतं, म्हणून त्या वेळी त्याच्या पायाशी उभं राहून हाका मारू नका. तुम्ही डोक्याच्या बाजूला उभ्या राहा.

मग कडेकडेनं खेकड्यासारखं हातावर सरकणं, आणि कठडा धरून बाहेर येणं: एक कोपर, दुसरं कोपर, पोट, गुडघा. मग कडेवरून मोठ्या माणसाकडे उडी, पाण्यातच त्याला कडेकडे वळवायचं आणि कडा पकडायला लावायची. दर वेळी, न चुकता. पडलो की वळायचं आणि कडा धरायची, हे अंगात भिनलं पाहिजे. हात मारण्याच्या पद्धती पाच-सहा वर्षांपर्यंत थांबल्या तरी काही बिघडत नाही. पाय मारताना गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखे मारतो का ते बघा. मांडीपासून, पाय सैल ठेवून मारायचे. सायकल मारणारं मूल दमतं आणि जागचं हलत नाही.

दंडात घालायच्या हवेच्या पट्ट्या घेऊ नका. त्या मुलाला पाण्यात उभं ठेवतात, म्हणजे बुडण्याचीच ढब अंगवळणी पाडतात, आणि त्याला वाटतं की आपल्याला येतं. एखाद्या दिवशी पट्ट्या न घालता ते तेवढ्याच विश्वासानं उडी मारतं. गाडीची ट्यूब त्याहून वाईट, कारण मूल तिच्यातून निसटतं किंवा जड डोक्यामुळे उलटं होऊन पाय वर राहतात. पाठीचा भोपळा, बिंडा किंवा घट्ट बुचाचा रिकामा डबा तुलनेनं बरा, कारण तो अंग आडवं ठेवतो. तो बांधायचा मात्र काखेखाली, छातीभोवती. दोरी कमरेवर घसरली की कंबर वर येते आणि तोंड पाण्यात जातं. म्हणून खांद्यावरून एक आडवी दोरी घेऊन ती जागच्या जागी जखडा आणि ओल्या दोरीची गाठ दर वेळी ओढून बघा.

मुलगी सात वर्षांची आहे, ती याच उन्हाळ्यात शिकू शकते. एका शिक्षकामागे सहा-आठ मुलं असतील असा वर्ग बघा, आणि रोज गेली तरच उपयोग. पहिले दिवस तिलाही “हूं” आणि उताणं तरंगणं. एकदम हात मारायला लावणारा शिक्षक असेल तर बदला. तिला पोहता येतं असं कधी म्हणायचं? डोक्यावर पाणी असेल तिथे उडी मारून वर येता यावं, मिनिटभर तरंगता किंवा उभ्यानं पाणी तुडवता यावं, गर्रकन वळून बाहेर पडायची जागा शोधता यावी, तिथपर्यंत पंचवीस मीटर जाता यावं, आणि शिडीशिवाय चढून बाहेर येता यावं. या पाच गोष्टी एकामागून एक, न थांबता. नंतर एकदा हे सगळं रोजच्या कपड्यांत करून घ्या, कारण पाण्यात पडणारं मूल पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पहिल्यापासून तपासा. वर्षात उंची वाढते, सराव तुटतो, आत्मविश्वास तेवढाच राहतो.

विहिरीत उतरायचंच असेल तर अण्णांनी दोरी धरावी, आणि त्याआधी मोटारीचा मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवावा. नुसता स्टार्टर बंद करून चालत नाही. केबल खराब असली तर पाण्यात करंट उतरतो, आणि उत्तम पोहणाराही त्यातून वाचत नाही. धाकट्याला विहिरीत शिकवू नका.

आणखी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगा. बुडणारं मूल ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर, मान मागे, डोळे ताठ, हात बाजूला पसरून पाणी खाली दाबायचा प्रयत्न, पाय जवळजवळ स्तब्ध. बघणाऱ्याला वाटतं खेळतंय. हे विसाव्या सेकंदालाही संपू शकतं. म्हणून पाण्याजवळ कोण लक्ष ठेवणार ते एकाचं नाव घेऊन ठरवा. चौघं बसलेले असतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं की दुसरा बघतोय. जो बघणार त्याच्या हातात मोबाइल नको.

तुम्हाला पोहता येत नाही, तेव्हा कुणी पडलं तर उडी मारू नका. एकाला काढायला गेलेले दोघं-तिघं जातात ते असंच. फेकायचं काहीतरी काठावर कायम असू द्या: पाच लिटरचा रिकामा, बूच घट्ट लावलेला प्लास्टिकचा डबा आणि त्याला बांधलेली दहा-बारा मीटर दोरी. पाण्यात अंगाचं वजन फार थोडं उरतं, त्यामुळे एवढा डबा मोठ्या माणसाचंही तोंड वर ठेवायला पुरतो. डबा हलका म्हणून वाऱ्यानं भलतीकडे जातो, तेव्हा त्यात पेलाभर वाळू भरा. आठवड्यातून एकदा फेकायचा सराव तुम्ही आणि मुलगी दोघी मिळून करा.

बाहेर काढलेलं मूल श्वास घेत नसेल तर त्याला उलटं धरून गरगर फिरवू नका, पोट दाबू नका, त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी उलटून फुप्फुसात जातं. पाठीवर झोपवा, हनुवटी किंचित वर, नाक दाबून तोंडातोंडी पाच हलके श्वास, छाती उचलताना दिसेल इतकेच. प्रतिसाद नसेल तर छातीच्या मध्यावर तीस दाब, मिनिटाला १०० ते १२० या वेगानं, छातीच्या जाडीचा तिसरा हिस्सा दबेल असे, मग दोन श्वास, आणि हे मदत येईपर्यंत चालू ठेवा. दुसऱ्यानं तेवढ्यात १०८ला फोन लावायचा. शुद्धीवर आलं, बोलायला लागलं तरी दवाखान्यात न्यायचंच, विशेषतः खोकला किंवा धाप असेल तर. हे वाचून येत नाही, हातानं करून बघावं लागतं, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा आणि घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्या.

आता तुमचं शेततळं. पत्रात ते एका ओळीत आलंय, पण आम्हाला विहिरीपेक्षा त्याची जास्त धास्ती वाटते. विहीर खोल असते म्हणून मुलं बिचकतात. शेततळं उथळ दिसतं, कडा उतरती असते, आणि तीस बाय तीस मीटरच्या तळ्यात मधोमध तीन मीटर पाणी असतं. त्या ५०० मायक्रॉनच्या प्लास्टिकवर शेवाळाचा पातळ थर चढला की उतारावर ओला हात-पाय ठरत नाही. पोहता येणारी माणसंही कडेपर्यंत येतात आणि चढता न आल्यामुळे दमून जातात. तुमच्या मुलीला पंचवीस मीटर पोहता आलं तरी इथे ते पुरणार नाही.

त्यामुळे मुलांचं शिकणं सुरू व्हायच्या आधी हे करा. चारही बाजूंना, बांधावर पक्का रोवलेला खांब, आणि त्याला बांधून थेट तळापर्यंत सोडलेला जाड नायलॉनचा दोर, दर फुटावर गाठ. जुने टायर साखळीसारखे बांधून सोडले तर आणखी बरं, पाय ठेवायला जागा होते. मात्र टायरमधल्या तारा बाहेर आलेल्या नसाव्यात, नाहीतर प्लास्टिक फाटेल. एक बाजू तीस मीटरची असेल तर मधोमध एकच दोर पुरणार नाही, दर आठ-दहा मीटरवर एक लावा. उन्हानं नायलॉन कुजतो, दर उन्हाळ्याआधी ओढून बघा. त्यानंतर कुंपण: चारही बाजूंनी, कमीत कमी चार फूट उंच, बारीक जाळीचं, ज्यात पाय अडकवून चढता येणार नाही. फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं, आपोआप मिटणारं, कडी तुमच्या मुलीच्या हाताच्या वर. फाटकाजवळ पालथी बादली किंवा खताच्या गोण्या ठेवू नका, तीन वर्षांच्या मुलाला त्या पायऱ्यांसारख्या होतात. कुंपणाला दिवस लागतील, पैसेही लागतील. दोरांना एक दुपार पुरते, आणि ते काम अण्णांना सांगा. गाठी त्यांच्याइतक्या चांगल्या घरात दुसऱ्या कुणाला येत नसणार.